निळ्या दिव्यांचा हॉल

माझं माहेर राजूरच्या पल्याड डोंगरात, भाताची खाचरं, चूल विझली की गाव झोपलं, आन् काय सांगू ताई तुमाला, तसल्या गावची मी आज नगरात निळ्या दिव्यांचा हॉल चालवते. आमचे हे लगनाआधी मुंबईला वेटर हुते, मोठ्या हाटेलातल्या नाईट क्लबात. ब्यांड वाजायचा, मऊमऊ सोफे, अंधूक उजेड, आन् एखाद्या शेठच्या घरचा वाढदिवस असला की सगळा क्लब त्यांच्यापुरता. तेच याड डोक्यात घिऊन हे नगरला आले. दारू न्हाई बरं का आमच्यात, निस्ती ऐट.

जागा मिळाली ती कांद्याच्या वखारीवरचा माळा. मालक म्हनले, एक कार्यक्रम करून दावा, लोक खूश झाले तर माळा तुमचा, न्हाई तर हितंबी कांदाच भरतो. मग भिंती रंगवल्या, निळे बलब लावले, जुने सोफे शिवून घेतले, रेकॉर्ड वाजवायचं मशीन आनलं. कांद्याचा वास काय जाईना, उदबत्त्यांचे पुडेच्या पुडे जाळले.

पैला कार्यक्रम सावेडीच्या एका वकीलसाहेबांच्या पोराचा साखरपुडा. नवरीकडची अकोल्याहून जीप भरून आली. मालकबी येऊन बसले. आंगठ्या झाल्या, सगळं झ्याक, मग ह्यांनी मुंबईवानी लांब टेबल मांडलं, ताटल्यांची चळत, पुऱ्या, भाजी, जिलेबी, ज्याचं त्यानं घ्यायचं. आन् कुनी उठंना. हे म्हनत्यात घेतील की, वकिलीनबाईंना वाटतंय हॉलवाले आग्रह करतील, आन् पाव्हनी बसलीत तोंड मिटून, बोलावल्याबिगर कोन उठतंय ताई. पुऱ्या पार चामडं झाल्या. नवरीची आई मोठ्यानं म्हनली, उभ्यानं जनावरं खात्यात, चला, जीप काढा. मालक छताकडं बघाय लागले, किती पोती मावतील ते.

म्या ह्यांना म्हनलं, गानं बंद करा. हे म्हनले, अगं मुंबईत असंच असतंय. म्हनलं मुंबई ऱ्हाऊ द्या मुंबईत. वकिलीनबाईंच्या हातात जिलेबीचं ताट दिलं, म्हनलं बाई, हॉल आमचा पर यजमान तुमी, विहीन उपाशी गेली तर अब्रू कुनाची जाईल. हात धरूनच नेलं त्यांना. त्या वाकल्या, म्हनल्या, विहीनबाई, माझ्या हातचा घास घ्या. नको. घ्या की. नको म्हनलं ना. मग मी खाली बसले विहीनबाईंच्या पायाशी, म्हनलं आता उठतच न्हाई. तवा हसल्या, तोंड उघडलं. मग काय, पाठोपाठ सगळी उठली, मी भाजी घिऊन फिरतेय, हे पुऱ्या तळून आनत्यात, आन् विहीनबाई जिलेबी खातखात म्हनत्यात, अंधार केलाय ते बरं, कुनी किती खाल्लं दिसत न्हाई.

मालकांनी दोनदा भाजी मागून घेतली आन् जाताना माळ्याची किल्ली टेबलावर ठिवली.

आता लोक सरावलेत, आपले आपन घेत्यात. पर पैला घास घरच्या बाईनंच द्यायचा, त्याबिगर मी झाकन उघडू देत न्हाई. हे कुरकुरत्यात, कुरकुरू द्या. आता खालची वखार मागायचीय मालकाकडं, देत न्हाई म्हनले तर विहीनबाईंवानी त्यांनाबी हो म्हनायला लावीन. तुमचंबी लगीन ठरायचंय म्हनता, चांगलं स्थळ मिळू दे ताई, साखरपुड्याला हॉल मी सजवते.