सलीमची नोंद

एका शब्दाने आमची वाट लावली, खोटं नाही सांगत. इंटरनेट नवीन होतं. वाशीत मी, उरणला सलीम, परदेशात आणखी दोघं, असे ईमेलवर कोड पाठवून मराठी छपाईचा फुकट प्रोग्राम बनवत होतो. त्यावर एक दिवाळी अंक छापायचा होता; ऐन त्याच वेळी नव्या आवृत्तीत सगळी जोडाक्षरं तुटकी छापून यायला लागली. शोधलं, तर सलीमने कोडमधली एक ओळ उडवलेली. सोबत त्याची नोंद : ‘काढलं.’

ओळ परत घातली, तर प्रोग्राम उघडेचना. आठवडाभर डोकं आपटलं. अंक बोंबलला. शेवटी सलीमला फोन लावला.

“ती ओळ का काढलीस?”

“नोंद लिहिलीय ना!”

“‘काढलं’ लिहिलंयस! ते दिसतंय रे. का काढलं?”

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

“तेव्हा माहीत होतं यार, म्हणून तर लिहिलं नाही.”