बाहुलीचा दुसरा अर्थ

डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सबाईंनी लॅटिनच्या म्हाताऱ्या मास्तरांच्या डोळ्यांत थेंब घातले. शेजारी त्यांची चाळिशीची भाची बसली होती. नर्सबाईंना त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"डोळ्यातल्या बाहुलीला लॅटिनमध्ये पुपिल्ला म्हणतात."

"मामा, इथेही शिकवणी?"

"मूळ शब्द पुपा, म्हणजे खेळातली बाहुली. पुपिल्ला त्याचं लघुरूप. स्त्रीलिंगी. समोरच्याच्या डोळ्यात आपण चिमुकले दिसतो ना, म्हणून."

"आपल्या मराठीसारखंच की!"

"आणखी एक अर्थ आहे. आईबापांवेगळी, पालकाच्या हवाली केलेली पोर."

"असू दे, मामा."

"सात वर्षांची होतीस. मी तुला वसतिगृहात टाकलं."

"तुमची फिरतीची नोकरी होती."

"फिरती कसली! घरात पोर नको होतं मला. तीस वर्षं हा शब्द शिकवला, पण एकदाही तू डोळ्यांपुढे आली नाहीस."

"मी पत्रं लिहायचे तुम्हाला."

"सगळी मिळाली."

"सगळी?"

"उत्तर द्यायचं राहिलं. खरं म्हणजे, दिलं नाही."

"वसतिगृहाच्या बाई म्हणायच्या, टपालात हरवली असतील. मी तेच खरं मानत आले, मामा. आजपर्यंत."

नर्सबाईंनी मास्तरांचं नाव पुकारलं. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.