भाऊजींची झोपेची परीक्षा

...तर कोण सांगणार त्यांना, तुम्हीच सांगा. माझे दीर, झुंबरभाऊजी, देवळ्याला असतात, कांद्याची चाळ, ट्रॅक्टर, सगळं ठणठणीत, आणि घोरणं असं की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहते... पण आमच्याकडे घोरणारा माणूस सुखी, हे ठरलेलं! लग्नानंतर सासूबाई मला कौतुकाने सांगायच्या, "आमचा रंगनाथ पाठ टेकली की घोरला बघ, कसली म्हणून चिंता नाही लेकराला."

आणि हे घोरायचे, मध्येच गप्प, श्वासच नाही, मग एकदम हिसका... मला वाटायचं, स्वप्न पडलं असेल. गेल्या साली गेले. मूत्रपिंडाचा कॅन्सर. तुम्हाला सांगते, नंतर मी डॉक्टरांना विचारलंच, त्या घोरण्यामुळे का हो? म्हणाले, "झोपेत श्वास थांबणाऱ्यांमध्ये काही कॅन्सर जास्त दिसतात, असं काही अभ्यास सांगतात. पण यांचा त्यामुळेच झाला, असं नाही म्हणता येणार." नाही म्हणता येणार... म्हणजे झाला नाही, असंही नाही म्हणता येणार, हो ना?

वर्षश्राद्धाला सगळे हॉलमध्ये ओळीने झोपलेले. भाऊजी घोरतायत, आणि मध्येच गप्प. अगदी तसेच. परत श्वास येईपर्यंत मी भिंतीला धरून उभी. सकाळी म्हटलं, तपासून घ्या. तर म्हणतात, "वहिनी, माझं सुख बघवत नाय का तुम्हाला?" जाऊ सविता म्हणते, "ताई, ते घोरले की मला कळतं, घरात माणूस आहे." घोरणारा माणूस सुखी!

शेवटी हातापाया पडून नाशिकला आणलं. एक रात्र दवाखान्यात झोपायचं, डोक्याला वायरी, नाकाला नळी, यंत्र श्वास मोजणार. भाऊजी केस कापून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. सकाळी मी धावत गेले, तर डोळे लालभडक, आणि हसतायत.

"पास झालो वहिनी. एकदासुद्धा घोरलो नाय."

"आणि झोप?"

"झोपतो कशाला? त्या सिस्टर काचेतून बघत होत्या. परक्या बाईसमोर घोरायचं का माणसाने?"

डॉक्टर म्हणाले, पुन्हा आणा. भाऊजींना म्हटलं, नापास झालात. इतके हिरमुसले... मला वाटलं, चला, आता तरी नीट झोपतील. काल सविताचा फोन, "ताई, हे आता घरीपण झोपत नाहीत. म्हणतात, पहाटे डोळा लागून घोरलो असणार, म्हणून नापास. सराव करतोय."