बहिऱ्यांची सभा

कानाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. बायकोच्या मांडीवर सहा महिन्यांची मुलगी झोपली होती. दोघं कुजबुजत होते.

“मगाशी दार केवढ्यांदा आपटलं! ही हलली तरी का?”

“गाढ झोपेत आहे गं.”

“परवा कुकरची शिट्टी झाली, तेव्हा जागी होती.”

“तपासणी तर होऊ दे. आधीच कशाला जीव टांगणीला लावतेस?”

“मग तू सारखा समोर काय बघतोयस?”

“समोरच्या बाईंकडे बघ. त्यांच्या हातात आमचा पेपर आहे.”

“असेना.”

“पहिल्या पानावरचा मथळा मी दिलाय. नगरपालिकेच्या सभेत लोकांचं कुणी ऐकूनच घेतलं नाही, म्हणून लिहिलं, ‘बहिऱ्यांची सभा’. संपादकांनी पाठ थोपटली.”

“अरे, त्यांच्या मुलीच्या कानात मशीन आहे.”

“तेच बघतोय मगापासून.”

“तुला सुचलं तरी कसं असलं?”

“सुचावं कशाला लागतं? तोंडातच असतं. कालच तू मला म्हणालीस, ‘बहिरा आहेस का?’”

“आता नाही म्हणणार. शप्पथ, कधीच नाही.”

“हळू बोल. ती मुलगी वाचतेय.”

समोरची मुलगी मथळ्याखाली बोट सरकवत एकेक अक्षर लावत होती. वाचून झाल्यावर तिनं मोठ्यानं विचारलं,

“आई, बहिऱ्यांची सभा होती? मग मला का नाही बोलावलं?”

“चल, आपण जरा बाहेर थांबू,” नवरा उठून बायकोला म्हणाला.

“बाहेर कुठे? आता आपलाच नंबर आहे.”