बायची काळी छत्री

लिहून घ्या, मूळचे आम्ही कुडाळकडचे. सातवीपर्यंत तिथेच शिकलो, आणि शिकलो काय, तर मास्तरांची नक्कल, हेडमास्तरांची नक्कल आणि हेडमास्तर मास्तरांना झापतात त्याची नक्कल. बाबा गेले तशी आये आम्हाला घेऊन मुंबईला आली, डिलाईल रोडच्या चाळीत. बाय, म्हणजे माझी थोरली बहीण, गिरणीत वाइंडिंग खात्यात लागली, सूत गुंडाळायला. मी एका दुकानात लागलो, पण माझं खरं खातं म्हणजे सभा. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तेव्हा रोजच्याच, पुढारी यायला उशीर झाला की मला नकला करायला वर चढवायचे, अरे जरा लोकांना धरून ठेव म्हणून. पण नक्कल आधी खोलीत बायला करून दाखवायची. ती हसली तर पास.

तर काय सांगू तुम्हाला, एके दिवशी ती हसेचना. म्हटलं काय गो बाय, एवढी वाईट झाली? तर म्हणते, हसवू नको रे मेल्या, तोंड आतून सोललंय. मग सकाळी बोटं आखडायला लागली, सूत तुटलं तर गाठ मारता येईना. केस गळायला लागले, अंगात बारीक ताप. आये म्हणाली, माझ्या चेडवाक वात झालो, दुसरा काय. आता वाताला आमच्याकडे औषध एकच, कोकणात तेच आणि चाळीत तेच, खोबरेल चोळायचं आणि उन्हात बसवायचं. आये रोज तिला गच्चीवर नेऊन बसवायची, वाळत घातलेल्या सोड्यांच्या, म्हणजे सोललेल्या कोळंबीच्या, बाजूला. मी म्हणायचो, आये, सोड्यांसारखी बायला पण मधेमधे उलटी कर. पण जेवढं ऊन, तेवढी ती खचत चालली. पाय सुजले. गालांवर काय उमटलंय ते तर कुणाला दिसलंच नाही, बाय सावळी, आये म्हणायची उन्हान रापली.

एकदा गच्चीच्या जिन्यातच कोसळली, तेव्हा परळला इस्पितळात नेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं तोंड खिडकीशी धरलं, नाकावरून दोन्ही गालांवर बोट फिरवलं, म्हणाल्या, हे बघा फुलपाखरू. आम्हाला काय दिसतंय! मग शेजारच्या खाटेवरची गोरी पारशी पोर दाखवली, तिच्या तोंडावर तेच, लालभडक चट्टा, दारातून दिसावा असा. म्हणाल्या, आजार एकच, पण गोरीचा घरच्यांना लगेच दिसतो, सावळीचा दिसत नाही, मग त्या आमच्याकडे येतात मूत्रपिंडाला लागल्यावर. नाव सांगितलं ल्युपस, म्हणजे म्हणे लांडगा. फुलपाखरू आणि लांडगा एकाच तोंडावर, आता बोला! म्हणाल्या, अंगातले शिपाई चोर सोडून घरच्यांवरच उठतात. मी म्हटलं, मग हा गोळीबारच झाला की. त्या हसल्या नाहीत. मीही नाही, आमच्या चाळीतला एक पोरगा मोर्चावरच्या पोलिसांच्या गोळीबारातच गेला होता.

मला पण होईल काय, विचारलं. म्हणाल्या, पुरुषांना क्वचित, तरण्या बायकांनाच जास्त धरतो, तुला तोंडाचा आजार आहे तो वेगळा. आये म्हणाली, माझा चेडू वाचतला मां? बाई थापा मारणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, पुसून जाणार नाही, भरती-ओहोटीसारखा येईल-जाईल, मूत्रपिंड सांभाळलं तर पोर जगेल. आणि ऊन बंद. आये मटकन खालीच बसली, म्हणाली मियाच भाजलंय तिका. बाईंनी तिला हाताला धरून उठवलं, अहो, सगळ्याच आया हेच करतात.

कॉर्टिझोनच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि एक हिवतापाची, हिवताप नसताना. गोळ्यांनी बायचं तोंड पुरीसारखं फुगलं. शेजारीण म्हणते, काय गो, इस्पितळात श्रीखंड वाढतात वाटतं? मधे एकदा पुन्हा पाय सुजले, पुन्हा खाट. पण हळूहळू ताप गेला, बोटं वळायला लागली. हसणं तेवढं येईना. मी नकलांवर नकला केल्या, ती नुसती मान हलवायची, पास करून टाकल्यासारखी.

मग निघाला संयुक्त महाराष्ट्रासाठी बायकांचा मोर्चा, भर दुपारी, आमच्याच रस्त्यावरून. बाय म्हणाली मी जाणार. आये म्हणाली, तू गेलंस तर माझो जीव जातलो. शेवटी सौदा झाला, लांब बाह्यांचं पोलकं, बाबांची काळी छत्री आणि फक्त नाक्यापर्यंत. बाय उतरली, छत्री उघडली, आणि आभाळात ढगाचं नाव नाही. दिवस होते काळ्या निशाणांचे. मागच्या बायकांना वाटलं, हा निषेधाचा नवा प्रकार, वरून हुकूम आला असणार! एकीने आपली उघडली. दुसरी वर गॅलरीकडे ओरडली, अगो, आमची पण टाक खाली. नाक्यावर पोचेपर्यंत मोर्चा सगळा काळ्या छत्र्यांचा. हवालदार म्हणतो, अहो पाऊस कुठाय? एक आजी म्हणते, पडतलो मेल्या, तुझ्या सरकारावर!

आणि बाय हसली. छत्रीखाली, तोंड उघडून, सगळे दात दाखवत. मी नाक्यावरून बघितलं, आये माझ्या दंडाला धरून उभी. एवढ्या सभा केल्या मी, पण असला हशा कधी मिळाला नाही, आणि हा तर मी काही न करता.

आता राज्य मिळालं. बाय पुन्हा वाइंडिंगला जाते, कडक उन्हाळ्यात छत्री घेऊन. लांडगा गेलेला नाही, कोपऱ्यात झोपलाय. लघवी तपासायची आणि बघायचं, जागा तर झाला नाही ना. आये गच्चीवर सोडेच तेवढे वाळवते. चाळीत कुणाची पोर म्हणाली सांधे दुखतात, तोंड आलंय, की आये तिला आधी खिडकीशी नेते, गाल निरखते, म्हणते उन्हात बसवू नको गो, परळाक घेवन जा.

तुमच्याही लेकीबाळी सावलीत सुखी राहोत. आणि उठू नका एवढ्यात, बाय येईलच कामावरून. तुम्ही मान वाकडी करून लिहून घेता ना, ती नक्कल बसलीय मला. तिला करून दाखवतो. हसली तर तुम्ही पास.