पाठीमागून उघडा कोट

आजोबा : आधी सरळ बस. सीटवरून इतका घसरलायस की बाहेरच्याला वाटेल, म्हाताऱ्याने गाडीत कुत्रं आणलंय.

ट्रेव्हर : मी इथेच थांबतो, आजोबा. तुम्ही आत जा आणि आपल्या दोघांचं बांधून आणा ना.

आजोबा : ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी मटण बंद, आपल्या हुडाकांच्या घरचा माणूस बंबवाल्यांच्या या फायर हॉलात बसून मासा खातो. बांधून नेतात ते आजारी असलेले, नाहीतर कुणाशी तरी भांडलेले. आणि तू परत आलायस हे गावाला कळलंय. किती दिवस घरात तोंड लपवून बसणार? तुझ्या आईने तर पडदेसुद्धा उघडले नाहीत.

ट्रेव्हर : त्या खांबावर काय लटकतंय हे मला सांगितलं नाहीत तुम्ही.

आजोबा : कुठल्या खांबावर?

ट्रेव्हर : आजोबा.

आजोबा : बरं. लावलाय. फोटो आहे तुझा, त्यात काय एवढं? पुढच्या खांबावर माझा आहे, त्याच्या पुढे बर्नीच्या नवऱ्याचा. सैन्यात गेलेल्या प्रत्येकाचा लागतो इथे.

ट्रेव्हर : पण ट्रेनिंग संपायच्या आधी कुणाचा लागतो?

आजोबा : तुझा लागला. फोटो लावणारे समितीवाले म्हणत होते, थांब अँडी, पोराला ट्रेनिंग तरी पुरं करू दे. मीच ऐकलं नाही. म्हटलं, माझा नातू आहे, पुरं करणार नाही तर जाईल कुठे. तुझ्या आईकडे आलेला फोटो मी स्वतः समितीला नेऊन दिला. टोपी, कोट, पितळी बटणं, मागे झेंडा. रुबाबदार दिसतोस लेका.

ट्रेव्हर : तो कोट माझा नव्हता.

आजोबा : म्हणजे?

ट्रेव्हर : फोटोपुरता असतो. पहिल्याच आठवड्यात काढतात, कुणाला काही यायच्या आधी. सगळ्यांना मिळून एकच कोट. पाठीमागून उघडा, पुढून नुसता अडकवायचा, न्हावी कापड बांधतो तसा. खाली मळकी पँट. माझ्या आधीच्या पोराच्या घामाने कॉलर ओली होती.

आजोबा : आमच्या वेळी असलं नव्हतं.

ट्रेव्हर : गाव बघतंय तो नुसता पुढचा भाग आहे. तो खाली काढा. आजच काढा.

आजोबा : आज कसा काढणार? आत सगळं गाव जेवतंय. तू असा कर, ही घे.

ट्रेव्हर : तुमची काठी कशाला?

आजोबा : उतरताना धर. डावा गुडघा, म्हणजे काठी उजव्या हातात. दुखऱ्या बाजूला धरतात ते अडाणी. आणि फार लंगडू नकोस, थोडंच.

ट्रेव्हर : माझा गुडघा चांगला आहे.

आजोबा : ते तुला माहीत आणि मला.

ट्रेव्हर : काय सांगितलंय तुम्ही लोकांना?

आजोबा : धावताना पाय खड्ड्यात गेला, गुडघा फिरला, डॉक्टरांनी घरी पाठवलं. तुझा फोन आला त्याच दिवशी सांगून टाकलं. माजी सैनिकांच्या क्लबात, चर्चमध्ये, न्हाव्याकडे. नाहीतर लोकांनी नको ते तर्क केले असते.

ट्रेव्हर : घरात ती नूडल्सची भांडी कुठून आली म्हणून मी आईला विचारलं. ती उठून आत गेली.

आजोबा : शेजाऱ्यांनी पाठवली. चांगली माणसं आहेत.

ट्रेव्हर : गुडघ्यासाठी पाठवली. आणि मी खाल्ली. दोनदा वाढून घेतलं.

आजोबा : मग काय उपाशी राहायचं होतं?

ट्रेव्हर : तिथे काय झालं, हे तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत.

आजोबा : विचारून काय करायचं होतं? ऐकायची हिंमत नव्हती माझी.

ट्रेव्हर : आता ऐका. एक बसकी खोली असते, दारं-खिडक्या बंद. आत धूर सोडतात, डोळे जाळणारा. मुखवटा लावून आत जायचं, तिथे तो काढायचा, आपलं नाव सांगायचं आणि बाहेर यायचं.

आजोबा : माहीत आहे. आम्हीही गेलो होतो. नाक गळतं, ओकारी येते, थोड्या वेळाने बरं वाटतं. मरत नाही कुणी.

ट्रेव्हर : हेच सांगत होते सगळे. मी दारापर्यंत गेलो आणि पाय उचलेना. बाजूला उभं केलं, पुन्हा रांगेत घेतलं, पुन्हा तेच. माझ्यामागे टेक्सासची एक मुलगी होती, माझ्या खांद्याला लागत नव्हती. ती आत गेली, नाक पुसत बाहेर आली आणि हसली. मला म्हणाली, डोळे मिटून चल, मी हात धरते. तिचाही हात मी सोडवून घेतला.

आजोबा : पुढच्या तुकडीबरोबर जायचं. देतात ते संधी.

ट्रेव्हर : दिली होती. मीच नको म्हटलं. मला घरी जायचंय म्हणालो, सगळ्यांसमोर. रडत होतो. धुराशिवायच.

आजोबा : हं.

ट्रेव्हर : मी काही देशासाठी वगैरे गेलो नव्हतो, आजोबा. शाळेच्या जेवणाच्या हॉलात तो भरतीवाला टेबल मांडून बसायचा. दांड्याला लटकून दहा वेळा वर गेलं की टी-शर्ट फुकट. तो म्हणाला, आधी काही वर्षं आम्हाला दे, मग कॉलेजचा खर्च आमच्याकडे. जंगलखात्याचं शिकायला दुसरा रस्ता नव्हता, म्हणून सही केली. आता कॉलेजही गेलं आणि वर तो फोटो लटकतोय.

आजोबा : मला तुझी लाज वाटली, ट्रेव्हर. खरं ते सांगतो. क्लबाच्या दारात उभा होतो, आत जायचं तर काहीतरी सांगणं भाग होतं. गुडघा सुचला.

ट्रेव्हर : मलाही वाटते माझी लाज. उठल्यापासून झोपेपर्यंत. पण आज लंगडत आत गेलो ना, तर आयुष्यभर लंगडावं लागेल. इथे कुणी काही विसरत नाही. म्हातारा झालो तरी विचारतील, थंडीत दुखतो का रे अजून?

आजोबा : निदान आजचा दिवस. माझ्यासाठी.

ट्रेव्हर : काठी राहू दे गाडीत.

(फायर हॉलच्या दारात. तिकिटांच्या टेबलामागे बर्नी. मागे रांग.)

बर्नी : अगंबाई, आला का? ये रे बाळा. अँडी, त्याला धर ना, नुसता काय उभा आहेस? आणि काठी कुठेय त्याची?

आजोबा : गाडीत राहिली.

बर्नी : पाय दुखणाऱ्या पोराची काठी गाडीत ठेवतं का कुणी? थांब, आतून खुर्ची मागवते.

ट्रेव्हर : खुर्ची नको, बर्नी काकू.

बर्नी : लाजायचं कशाला? नशिबाची गोष्ट आहे. माझी नऊ दिवसांची प्रार्थनेची माळ आजच पुरी झाली, तुझ्या गुडघ्यासाठी. रोज जमिनीवर गुडघे टेकून. माझे स्वतःचे कसे झालेत ते तुझ्या आजोबाला विचार.

ट्रेव्हर : काकू, माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही.

बर्नी : बरा झाला म्हणतोस?

ट्रेव्हर : झालंच नव्हतं काही. मी घाबरलो आणि परत आलो.

बर्नी : हळू बोल रे. मागे लोक आहेत.

ट्रेव्हर : त्यांनाही तेच सांगायचंय. त्यांची भांडी घरी धुऊन ठेवलीत, उद्या परत आणून देतो.

बर्नी : अँडी? तू तर मला सांगितलंस, खड्डा होता म्हणून. किती खोल होता तेसुद्धा हाताने दाखवलंस.

आजोबा : खड्डा नव्हता. पोरगा काही खोटं बोललेला नाही, बर्नी. मी बोललो. तो फोटोही मीच घाई करून लावला. तुम्ही सगळे थांब म्हणत होता.

बर्नी : नऊ दिवस, अँडी. या वयात.

आजोबा : माहीत आहे.

बर्नी : तुझ्याशी मी मग बोलते. ट्रेव्हर, इकडे बघ. मान वर कर, जेवायला आलायस ना? मासा की बटाटा भरलेली पिरोगी?

ट्रेव्हर : काहीही द्या.

बर्नी : काहीही नावाचा पदार्थ नाही आमच्याकडे.

ट्रेव्हर : पिरोगी.

बर्नी : कांदा जास्त घालायला सांगते. तुला लहानपणी लागायचा. जा, खिडकीजवळ जागा आहे.

ट्रेव्हर : खिडकीतून तो खांब दिसतो.

बर्नी : हो, दिसतो.

आजोबा : बर्नी, मागच्या खोलीतली उंच शिडी मोकळी आहे का? जेवण झालं की लागेल मला.

बर्नी : तू चढणार? काठी टेकत चालणारा तू?

ट्रेव्हर : मी चढतो, काकू. आजोबा खालून शिडी धरतील.