निरक्षर मतदाराचा सोबती

बसा की खाली, उत्तमराव सर, उतरायची घाई करू नका, अजून आपलं नाव पुकारलं न्हाई. तहसीलच्या दारात पोलीस उभे हायेत म्हणून काय झालं, गाडीच्या काचा वर हायेत. पुन्हा म्हणून दाखवा. आतला साहेब विचारंल, सोबती कशाला पायजे? तर काय सांगायचं? 'मला लिहितावाचता येत न्हाई.' — मोठ्यानं! शाळेत तर भिंती हलायच्या तुमच्या आवाजानं.

असं काय बघता? आठवडाभर बाकीच्या नगरसेवकांबरोबर हॉटेलात जेवलात, देवदर्शनं केलीत, मोबाईल काढून घेतला तेव्हाबी हूं की चूं केलं न्हाई. आता विधान परिषदेच्या मतपत्रिकेवर आप्पासाहेबांच्या नावापुढं एकचा आकडा तुम्ही खरंच टाकला का, ते कुणी बघायचं? म्हणून तुम्ही निरक्षर, अन् आकडा टाकणार मी. कायद्यात बसतं. हेडमास्तर निरक्षर — अन् त्याचा सोबती कोण, तर ज्याच्या हातात तुम्ही अकरावीला दाखला देऊन 'जा, अंगठाबहाद्दर' म्हणालात तो मी, मच्छिंद्र!

धडा मात्र पाठ हाय बरं का माझा. वरचं सभागृह कशाला? खालचं रागाच्या भरात कायदा करून बसतं, वरच्यातल्या शहाण्यांनी थांबवायचं — बाबांनो, जरा नीट बघा. फळ्यावर दोन मजले काढले हुते तुम्ही. मी विचारलं, सर, जिना कुठाय? तर सगळ्या वर्गाबरोबर तुम्हीबी हसलात. आता कळला का जिना? विधानसभेला लोकांनी आपटलेला माणूस वर चाललाय, अन् पायऱ्या तुम्ही. मोडून टाका म्हणतो मी ते सभागृह, न्हाईतर सरळ लोकांच्या मतावर सोडा! ज्या शहाण्यांना मत द्यायच्या आधी कोंडून ठेवावं लागतं, ते कसले थांबवणारे?

नगरसेवकांत हनुमंत एकटा अडला काल. शेळ्यांचा व्यापारी, पण म्हणला, माझा आकडा मीच टाकणार. उजवा हात धरला त्याचा, दाराच्या चौकटीत घातला अन् दार लावलं — दोनदा. ऊस मोडल्यासारखा आवाज आला, तुम्ही ऐकलाय, शेजारच्याच पलंगावर तर हुता. आता हात प्लास्टरात, म्हंजे त्यालाबी सोबती. तेबी कायद्यातच.

अन् तुम्ही काय केलं? पांघरूण तोंडावर ओढलं. मी बघत हुतो ना — दार लावताना त्याच्याकडं न्हाई, तुमच्याकडं बघत हुतो. वाटलं, आता उठतील, आता कान धरतील. एकदा नुसतं 'मच्छिंद्र, सोड' म्हणला असता तर... दुसऱ्यांदा लावलंच नसतं, आईशप्पथ. थांबलो हुतो की मी मधी! कुणासाठी थांबलो हुतो? — जाऊ द्या. न्हाई, जाऊ कशाला देऊ? अजून येळ हाय. म्हणा, मला लिहिता येतं. मारीन मी, दात घशात घालीन, बरगडी ठेवणार न्हाई — तरी म्हणा! मेल्यागत बसू नका, म्हणा की, म्हाताऱ्या!

...पुकारलं. तुमचंच नाव.

काय? ओठ हलवू नका नुसते, बोला. काय विचारताय?

— डावा. डावा अंगठा लावायचा, सर. उतरा.